एका पुडीनं काय होतंय?

हा प्रश्न मला हिंगोलीपासून सेनगावपर्यंत कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतो. सोबत ठरलेला पुरावा असतोच: "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होते, काय झालं त्यांना?" मंडळी, या प्रश्नाची टिंगल करून भागत नाही. उत्तरासाठी जरा पेशीच्या आत जावं लागतं.

आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएला रोज हजारो इजा होतात. पुडीला कधी हात न लावणाऱ्यालाही. आपण घेतलेला श्वास, अंगातली ऊब, एवढंही त्याला पुरतं. तरी आपण टिकतो, कारण पेशीत दुरुस्तीवाले बसलेले आहेत. खराब तुकडा कापायचा, समोरच्या धाग्यावरून बघून नवा भरायचा, सांधा जोडायचा. हे काम कसं चालतं ते उलगडणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि संजार या तिघांना 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुरुस्ती होईपर्यंत पेशीनं स्वतःचे दोन भाग करू नयेत, हे बघायला पी-53 नावाचं प्रथिन असतं. पेशीतला पोलीस पाटीलच म्हणा. "थांब, आधी डागडुजी कर." नुकसान फारच झालं असेल तर पेशीला मरायला लावतं. (हत्तीकडे या जनुकाच्या वीसेक जोड्या आहेत, आपल्याकडे एकच. एवढ्या मोठ्या देहात कॅन्सर कमी का, याचं हे एक कारण मानतात.)

आता पुडी. तंबाखूतली नायट्रोसामाइनं डीएनएला चिकटून बसतात. चुना-सुपारीनं गालाची आतली कातडी सोलवटते, ती भरून काढायला पेशी घाईघाईनं वाढतात. म्हणजे इजा जास्त आणि दुरुस्तीला वेळ कमी. राहून गेलेली चूक पुढच्या पेशीत कायमची उतरते. ती नेमकी पी-53 च्याच जनुकात झाली, की पाटीलच गेला! तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे वारंवार दिसतं. कुणाची चूक कुठे पडेल हा नशिबाचा भाग, आजोबा त्यातून सुटले. पण दिवसाला दहा पुड्या म्हणजे रोज दहा वेळा फासे टाकणं.

माझा एक जुना सहकारी आहे, वय 41. भाकरी दुधात कुस्करून खातो, कारण तोंडात दोन बोटंही जात नाहीत. सुपारीनं गाल आतून दोरीसारखे आखडलेत. डॉक्टर म्हणाले, अजून कॅन्सर नाही, पण रस्ता तोच आहे. वर्षभर हा गडी दाढदुखी समजून गोळ्या खात होता.

आणि हो, हळद. आपण वसमतच्या हळदीचे लोक, अभिमान आहेच. पण तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यावर हळद लावून वाट बघत बसू नका.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकरांनी चाळीसच्या दशकातच तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कॅन्सर यांचा अभ्यास सुरू केला होता. राज्यात गुटखाबंदी 2012 ची. पुडी अजून मिळते, फक्त महाग झाली.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या माणसांची तोंडाची तपासणी मोफत ठरलेली आहे. टॉर्च लावून तोंडात बघायचं, एवढंच काम. तुमच्या गावच्या उपकेंद्रात ती शेवटची कधी झाली? गावाच्या नावासह मला कळवा, कळमनुरी-औंढ्याकडच्यांनी तर नक्कीच. यादी झाली की ती घेऊन जिल्हा परिषदेत विचारायला जाणार आहे.