परसांतील कोंबड्या

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानपट्टींत ज्याच्या अंगणांत कोंबडी नाहीं असें गोंडाचें घर विरळाच. परंतु चंद्रपूर शहरांत, ब्राह्मणाच्या परसांत, तुळशीवृंदावनापासून दहा हातांवर खुराडें दिसलें, कीं पाहुणा प्रथम खुराड्याकडे पाहतो आणि मग आमच्या तोंडाकडे.

आमच्या एकत्र कुटुंबांत अंड्याचा वाद जुना. मुलांना डॉक्टरांनीं अंडीं सांगितलेलीं, आणि काकू सोवळ्याच्या. मुलें बाहेर अंडीं खात, हें सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नसे. या लपवाछपवीपेक्षां उघड चर्चा बरी, म्हणून आम्हीं काकूंपुढें महात्माजींचें मत मांडलें. आगाखान पॅलेसमध्यें स्थानबद्ध असतां १९४२ सालीं त्यांनीं आरोग्यावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत निर्बीज अंड्याचा विचार आहे. कोंबड्याच्या संगतीवांचूनही कोंबडी अंडीं घालते. त्यांतून पिल्लूं कधींच होत नाहीं. मग जो दूध घेतो त्यास असें अंडें घेण्यास हरकत नसावी. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत, सेवाग्रामास राहिलेल्या आणि आहाराविषयीं इतक्या काटेकोर पुरुषाचें हें मत! काकूंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “अंड्यांत जीव नाहीं, हें पटलें. पण कोंबडींत तर आहे ना? अंडीं संपल्यावर तिचें काय करणार?”

प्रश्न बिनतोड होता. कोंबडी पांच-सहा महिन्यांची झाली कीं अंड्यावर येते. पहिलीं दोन वर्षें भराचीं, पुढें अंडीं कमी होत जातात. जगते मात्र ती सात-आठ वर्षें. व्यवहारांत या उरलेल्या वर्षांचा हिशेब सुरीनें मिटवितात. काकूंनीं अट घातली, कीं या घरची कोंबडी कापली जाणार नाहीं आणि विकलीही जाणार नाहीं. ती मान्य करून आम्हीं आठवडी बाजारांतून चार तलंगा आणल्या. कोंबडा आणला नाहीं. त्यामुळें पहाटेच्या बांगेबद्दल शेजाऱ्यांची तक्रारही टळली.

खरी परीक्षा आमच्या उन्हाळ्याची. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांपलीकडे जातो. कोंबडीस घाम येत नाहीं; चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून ती धापा टाकते. त्या धापेनें रक्तांतील कार्बन डायॉक्साइड घटतो, कवचाला चुना पुरत नाहीं, आणि अंडें हातांत घेतांच पिचतें. खुराड्यावर भिजलें गोणपाट, निंबाची सावली, गार पाण्याची परळ, दाण्यांत शिंपल्यांचा चुरा, एवढ्यावर आमच्या कोंबड्या तगल्या. मानमोडीची लस मात्र चुकवूं नये, आणि रात्रीं दाराची कडी दोनदां पाहावी. बोका फार चतुर.

आज चौघींपैकीं दोघी अंडें देत नाहींत. दाणा चौघींना सारखाच लागतो, म्हणून घरचें अंडें बाजारापेक्षां महाग पडतें. धाकट्या बंधूंनीं तसा हिशेबच मांडून दाखविला. काकूंनीं तो ऐकला आणि कण्यांचें सूप घेऊन त्या परसांत गेल्या. त्या स्वतः अंड्याला अजून शिवत नाहींत.

एका गोष्टीस मात्र त्यांच्या अटींतही उत्तर नाहीं. उबविलेल्या अंड्यांतून निम्मे नर निघतात. आमच्या तलंगांचे भाऊ कोठें गेले, हें कोणास विचारावें लागत नाहीं. मोठाल्या उबवणी-केंद्रांतून तर अंड्यांच्या जातीचीं नर पिल्लें बहुधा जन्मल्या दिवशींच मारतात. तेव्हां निर्बीज अंडेंही सर्वस्वी निष्पाप, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

यंदा आणखी दोन तलंगा घ्याव्या असें मुलांचें म्हणणें आहे. काकू अद्याप कांहीं बोललेल्या नाहींत.