तक्त्यातला लाल रकाना

हाताखालच्या अधिकाऱ्याचा एसीआर लिहिणं मला कधीच सोपं गेलं नाही. नऊपैकी किती गुण, तो आकडा बढतीच्या बोर्डासमोर त्याच्या वतीने बोलतो. तो स्वतः तिथे नसतो.

लडाखमध्ये सीमा सडक संघटनेत, म्हणजे बीआरओत असतानाची गोष्ट. तिथे कामाचा हंगाम जेमतेम मे ते ऑक्टोबर. पारा पाच अंशांखाली उतरला की काँक्रीटवर भरवसा ठेवता येत नाही. माझ्याकडे दोन मेजर होते, दोघांकडे रस्त्याचा एकेक तुकडा. एकाच्या वाट्याला मोकळा उतार, दुसऱ्याच्या वाट्याला ढासळता कडा. हंगामाअखेर पहिल्याने ठरल्यापेक्षा जास्त कटिंग केलं होतं. दुसरा निम्म्यावर होता. मुख्यालयाच्या तक्त्यात एक रकाना हिरवा, दुसरा लाल.

अटल बोगदा आठवा. लांबी 9.02 किलोमीटर. त्यातल्या सेरी नाल्याखालच्या फक्त 587 मीटर ठिसूळ पट्ट्याने जवळपास चार वर्षं खाल्ली. त्या काळात तिथल्या अधिकाऱ्यांना केवळ मीटरवर मोजलं असतं, तर सगळे नापास!

म्हणून मी तीन गोष्टी पाहतो. वाईट बातमी आधी त्याच्याकडूनच कळली का? खिंड उघडताच डिझेल, सिमेंट, डोझरचे सुटे भाग साइटवर पोहोचले का? आणि झारखंडहून आलेले मजूर पुढच्या हंगामात त्याच्याच कामावर यायला तयार आहेत का?

दुसऱ्याने कडा हलतोय हे जूनमध्येच लेखी कळवलं होतं. दुपारी बर्फ वितळून दगड सुटायचे, तेव्हा तो काम थांबवायचा. हंगामात एकही मजूर जखमी झाला नाही. पहिल्याने मात्र नाल्या आणि कल्व्हर्ट ‘पुढच्या वर्षी’वर टाकले होते. बर्फाचं पाणी रस्त्यावरूनच वाहणार, हे उघड होतं. त्याला समोर बसवून सांगितलं, “नालीही रस्त्यातच मोजतात.”

मी दुसऱ्याला जास्त गुण दिले. वरून फोन आला, “लाल रकान्याला इतके?” मी साइटची डायरी पाठवून दिली. माझ्यावरच्यांनी पुढे काय लिहिलं, ते मला कळलं नाही. पद्धतच तशी आहे.

पहिल्यांदा अहवाल लिहायला बसणाऱ्या तरुण मित्रांनो, तक्ता जरूर बघा. पण त्याआधी त्या रस्त्यावरून एकदा पायी जाऊन या.