फुस्स...

परवा शनिवारी पहाटे शहापूरला. पोलादी टेपने ३०० मीटर आखले, सायकलच्या चार फेऱ्या मारून चाकावरच्या जोन्स काउंटरचे आकडे लिहिले आणि मुरबाडच्या बाजूला शर्यतीचा रस्ता मोजायला निघालो. सरळगावला ऊन चढलं. टायर तापला की घेर वाढतो, तेवढ्याच अंतराला आकडे कमी येतात. म्हणून (इंजिनिअर ना आम्ही!) गेज लावून प्रेशर बघितलं. फुस्स! हवा गेलीच थोडी. सकाळचं कॅलिब्रेशन पाण्यात. खरं तर गेज लागतच नाही. शेवटी पुन्हा चार फेऱ्या मारल्या की फरक कळतो.

मित्र म्हणाला, "सोड ना, दर हजारला एक मीटर जादा धरतोच की आपण." पण इथे पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी सेकंद मोजणारी पोरं धावणार होती...

रविवारी पुन्हा गेलो. गेज घरी ठेवून.