विजेच्या वाद्यांवरील कबीर

सांबरा म्हटले की बाहेरच्या माणसास विमानतळ आठवतो. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली आणि तेव्हापासून आमच्या गावाचे नाव आकाशाशी जोडले गेले ते कायमचेच. परंतु आम्हां जुन्या माणसांस अभिमान आहे तो निराळ्याच एका भरारीचा. आमच्या शेजारच्या सुळेभावीस ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी या मुलाचा जन्म झाला. पुढे जगाने त्यास कुमार गंधर्व म्हणून ओळखले. घर कानडी, शिक्षण मुंबईस देवधर मास्तरांपाशी, संसार माळव्यात देवासला, आणि कंठी तुकाराम, कबीर, सूर, मीरा. सीमाभागातील वाचकांस यात नवल वाटू नये. आपल्या घरोघरी थोड्याफार फरकाने हेच चाललेले असते.

कुमारांची ही आठवण या वेळी करून दिली ती मात्र शास्त्रीय संगीताशी उघड संबंध नसलेल्या एका मंडळींनी. दिल्लीस 'इंडियन ओशन' नावाचा एक वाद्यवृंद १९९० पासून आहे. पाश्चात्त्य देशांत रॉक म्हणून जे संगीत चालते त्याची गिटार आणि ड्रम ही वाद्ये यांच्याजवळ आहेत. पण त्यांच्याच शेजारी तबला मांडलेला असतो, आणि बंगालच्या बाऊल गायकांची गबगुबीही असते. गाणी मात्र आपल्या मातीतून उचललेली. २००० सालच्या 'कंदीसा' या संग्रहात नर्मदामातेचे 'मा रेवा' हे गीत आहे. वृंदातील राहुल राम हे नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलकांबरोबर राहिलेले गृहस्थ. नदीकाठच्या माणसांचे गाणे त्यांनी नदीकाठीच ऐकलेले. त्याच संग्रहात केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजाची पुरातन अरामी भाषेतील प्रार्थना आहे. ती ऐकताना शब्द एकही कळत नाही, आणि तरीही हात जोडले जातात. २००३ साली 'झीनी' आला. त्यातील मुख्य गीत कबीराचे. आणि अलीकडे, २०२३ साली, 'तू है' हा संग्रह निघाला.

हा शेवटचा संग्रह माझ्या पुतण्याने मला पुण्यास ऐकविला. "काका, आधी डोळे मिटून ऐका, मत नंतर द्या," अशी अटही घातली. मी अट पाळली. जुन्या मंडळींतील असीम चक्रवर्ती, जे तबला वाजवीत वाजवीतच गात, ते २००९ च्या डिसेंबरात निवर्तले. सुश्मित सेन यांची गिटार २०१३ साली वृंदातून गेली. एवढी पडझड झाल्यावर वाद्यवृंद बहुधा स्वतःच्या जुन्या गाण्यांची नक्कल करू लागतो. येथे तसे झालेले दिसत नाही. हिमांशू जोशी यांचा गळा निराळा आहे, आणि तो असीमबाबूंची जागा घेण्याचा हट्ट धरीत नाही, हे मला फार आवडले. आपल्याकडे बुवा गेल्यावर शिष्याने बुवांच्या खोकल्यासकट गायचे अशी रीत पडली आहे.

पुढे त्यांचा जाहीर कार्यक्रमही पाहिला. सभागृहात माझ्या वयाचे आम्ही चार-पाचजण असू. आवाज मोठा होता, हे प्रथमच सांगून टाकतो. ड्रमच्या भरात कुठे कुठे शब्द बुडाला, आणि संतवाणीत शब्द बुडणे हा माझ्या मते गुन्हाच आहे. पण 'मा रेवा' सुरू झाले, आणि पुढच्या रांगांतील पंचवीस-तीस वर्षांची पोरे उठून नदीचे नाव घेऊ लागली. त्यांतल्या कितीजणांनी आयुष्यात आरती म्हटली असेल, कोण जाणे. एक आवर्तन झाले, दुसरे झाले. ठेका चढत गेला, तसे गाणे मोठे झाले. नामसंकीर्तन रंगात येते तेव्हा याहून निराळे काय होते? फरक इतकाच की तेथे टाळ नव्हते.

माझ्या मनात त्या वेळी आमचे भजनी मंडळ होते. एकादशीस देवळात बसणारे आम्ही नऊजण. पन्नाशीच्या आतला एकही नाही. गतवर्षी दोन तरुण गिटार घेऊन आले आणि एक अभंग म्हणू द्या म्हणाले. आमच्यातील एका ज्येष्ठांनी, "देवळात वीज दिव्यापुरती," असे म्हणून त्यांस वाटेस लावले. विशेष म्हणजे त्या क्षणी त्या गृहस्थांच्या मांडीपुढे पेटी होती. ही पेटी कोठली? पॅरिसच्या दबें नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचा हक्क नोंदविला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून वाजविण्याजोगी केली. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे तिला परकी म्हणून बाहेर ठेवले होते. आज तिच्यावाचून आमची आरती अडते. गोमंतकीय वाचकांचे घुमट निदान आपल्याच मातीचे आहे. आम्हांस तेवढेही म्हणता यावयाचे नाही.

कुमारांनाही हा आक्षेप सोसावा लागला होता. १९४८ च्या जानेवारीत क्षयाने खंगलेले ते देवासला आले. गाण्यास बंदी, अंथरुणावर पडून ऐकणे तेवढे हाती. दारावरून जाणाऱ्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने आणि माळव्यातील स्त्रियांची लग्न-सणांची गाणी त्यांनी त्या काळात ऐकली, टिपून घेतली, आणि पाच-एक वर्षांनी पुन्हा गाऊ लागले तेव्हा मैफलीत आणली. ज्यांस घराण्याचे सोवळे प्रिय होते त्यांस ते रुचले नाही. कबीर मात्र त्या वेळी देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचला, तो दारावरच्या त्या भिक्षेकऱ्याच्या सुरासह.

'इंडियन ओशन'ची कुमारांशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. तो एक गळा होता आणि एक साधना होती. हा पाच माणसांचा मेळ आहे. मात्र दोघांनीही गाणे ज्या माणसापासून घेतले त्याला विसरू दिले नाही, आणि हे मला वाद्यांच्या जातकुळीहून मोठे वाटते.

ज्या वाचकांस उत्सुकता असेल त्यांनी 'तू है' प्रथम लावू नये. आधी 'मा रेवा' ऐकावे, तेही दिवेलागणीस, आवाज बेताचा ठेवून, मग 'झीनी', आणि त्यानंतर कुमारांचे कोणतेही एक निर्गुणी भजन. घरात नातू असेल तर त्यास शेजारी बसवावे. त्यातले कोणते जुने आणि कोणते नवे, हे मात्र त्याला आधी सांगू नये.