लोह्याच्या माळावरचा पाऊस

नांदेडहून लातूरकडे जाणारी एस.टी. धरली की वाटेत लोहा लागते. स्टँडवर उतरलात की आधी वर पाहा. बालाघाटाच्या या पठारावर आभाळ मोकळे असते. ढग कुठून उठला आणि कोणाच्या शिवारावर रिता झाला, हे लांबूनच दिसते. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, दक्षिणेकडे मन्याड. मन्याडवर लिंबोटीचे धरणही आहे. तरी माळावरची बरीच शेती अजून आभाळाकडेच तोंड करून बसलेली आहे.

मे महिन्यात इथे पारा ४० अंशांच्या वर जातो. रोहिणी सरता सरता दुपारी वारा पडतो, ढग उभे राहतात आणि तिन्हीसांजेला गडगडाट होऊन सरी कोसळतात. मातीचा वास सुटला की दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या दुकानापुढे ही गर्दी! पण हा पाऊस तापलेल्या हवेतून उठलेल्या ढगांचा. समुद्रावरून येणारा मोसमी पाऊस इकडे जूनच्या मध्याच्या सुमारास पोचतो, कधी त्याहूनही उशिरा. मिरग मात्र ७-८ जूनला लागतोच. नक्षत्र लागले म्हणजे जमिनीत ओल झाली, असा हिशेब धरू नका.

एका सरीनंतर काळ्या रानात खुरपे घालून बघा. वरची चार बोटे माती ओली आणि खाली धग. बी फुगते, कोंब येतो, मूळ खाली जाते आणि कोरड्यात अडकते. त्यातच आठ-दहा दिवस ऊन पडले की सगळे रान करपते. दुबार पेरणी म्हणजे काय, ते घरातल्या बाईला विचारा. दुसऱ्यांदा बी आणायला पुष्कळदा तिचेच डोरले गहाण पडते. मी हे अनेक घरांत पाहिले आहे.

म्हणून आमचे सांगणे असते, ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर, वाफसा आला की पेरा. मोजायचा कसा? वर-खाली सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी मुलांच्या पट्टीने आतले पाणी मोजा, लिहून ठेवा आणि डबा रिकामा करा. बेरीज तीन-चार इंच झाली की तिफण काढायला हरकत नाही. हे काम शाळेतल्या पोराला द्या, ते तुमच्यापेक्षा नेमाने करील.

नांदेड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी आठ-नऊशे मि.मी. पाऊस पडतो. आकडा बरा वाटतो, पण तो येतो कसा ते महत्त्वाचे. २०१६च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात पूर आले. श्रावणात उघडीप पडली की बरड रानातले सोयाबीन आधी माना टाकते, काळ्यातले तग धरते. उलट झड लागली की त्याच काळ्यात पाणी तुंबून मुळे सडतात. तेव्हा पेरणी उताराला आडवी करा आणि चार-सहा ओळींनंतर एक सरी मोकळी सोडा. थोडक्या पावसात ती पाणी मुरवते, जास्त झाले तर बाहेर काढते. एका सरीची जागा जाते म्हणून कुरकुरणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी भर झडीत बांधावर उभे राहून बघावे.

हस्ताचा पाऊस मात्र सगळ्यांनाच हवा असतो, फक्त कापून टाकलेले सोयाबीन भिजू नये एवढीच धास्ती. त्याच ओलीवर पुढे हरभरा, करडई आणि रब्बीची ज्वारी येते.

मार्गशीर्षात थंडी भरते. माळेगावच्या खंडोबाची जत्रा आणि येळवस लगोलग येतात. शेतात कडब्याची कोपी उभी राहते, आंबिलाचे मडके येते, पाहुणेरावळे पंगतीला बसतात. या वेळी जेवणे झाली की हरभऱ्याच्या रानात हातभर खणून मूठभर माती दाबून बघा. लाडू वळला तर ओल पुरेशी आहे, पाण्याची घाई करू नका. फुटला आणि विहिरीत पाणी असेल, तर घाटे भरताना एक हलके पाणी द्यायचे, हे तिथेच कोपीत बसून घरच्यांशी ठरवून टाका.