टीटी बाइक घेण्याआधी

खारदांडा, मुंबई ५२

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र वाचलं आणि शेवटच्या ओळीतला प्रश्न बघून जीव सुखावला. यॉर्कशरला जाऊन तू सायकलच्या क्लबात रमलास, दहा मैलांच्या टाइम ट्रायलला (टीटी), म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतीला, नाव देऊ लागलास, आणि आता मला विचारतोस, ‘टीटी बाइक घेऊ का?’ हो किंवा नाही एवढं सांगून मी तुला सोडणार नाही. माझ्याकडे आजवर आलेल्या सायकलींची हकीकत आधी ऐक. माझं म्हणणं एकच आहे: आपल्या वाट्याला जो रस्ता आलाय, त्याच्यासाठी सायकल घ्यावी.

बाबांची काळी चोवीस इंची तुला आठवतच असेल. वरळीच्या हिंद सायकल कारखान्यातली. सळ्यांचे ब्रेक, मागे दणकट कॅरिअर आणि त्यावर पहाटे माशांची पाटी. आपण दोघं तिच्या नळीखालून पाय घालून शिकलो. आज तिचा साचा डोळ्यांसमोर आणतो तेव्हा तो बनवणाऱ्यांचं कौतुक वाटतं. दोन चाकांत भरपूर अंतर, सीटची नळी मागे कललेली, टायर दीड इंच रुंद. दांड्याच्या गल्ल्या, मासळीच्या पाण्याने निसरड्या झालेल्या फरश्या, मागे वीस-पंचवीस किलोचा माल, या सगळ्याला ती पुरून उरायची. वेग तिच्याकडून कुणी मागितलाच नव्हता.

मग कॉलेजात असताना माझी पहिली ‘रेसर’ आली. देशी बनावटीची, वाकड्या हँडलची, पोलादी. गिअरचे लीव्हर खालच्या नळीवर. गिअर बदलायचा म्हणजे एक हात हँडलवरून काढायचा, लीव्हर अंदाजाने ओढायचा आणि चेन नीट बसली की नाही ते कानाने ओळखायचं. मुंबई-पुणे शर्यत बघायला आपण खोपोलीला गेलो होतो ते याच दिवसांत. शिंग्रोबाच्या देवळापाशी उभं राहून बोरघाट चढणाऱ्यांना ओरडून ओरडून जोर दिला होता. ‘घाटांचा राजा’ हा किताब कोण नेतो याची उत्सुकता आपल्याला शर्यत कोण जिंकतो याहून जास्त असायची. त्या चढावर एकमेकांच्या आडोशाचा उपयोग फारसा होत नाही, वेगच कमी असतो. ज्याचे पाय आणि फुप्फुसं चालतात तो पुढे जातो. टाइम ट्रायलची ओढ मला तिथेच लागली असं मला आज वाटतं.

दांड्यात राहून सायकल ठेवायची म्हणजे खाऱ्या वाऱ्याचं गणित आधी शिकावं लागतं. ओट्यावर ठेवलेल्या सायकलच्या चेनवर बघता बघता तांबूस थर धरतो. पोलादी सांगाडा आतून गंजतो, त्यामुळे बाहेरच्या रंगावर विसंबून चालत नाही. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा सीट पोस्ट असेल तर खारं पाणी दोन धातूंच्या मध्ये शिरतं आणि पोस्ट असा धरून बसतो की करवत लावावी लागते. म्हणून वर्षातून दोनदा तरी तो बाहेर काढून ग्रीस लावायचं. कार्बन गंजत नाही हे खरं, पण त्याला चिकटलेलं ॲल्युमिनियम उलट लवकर खराब होतं, आणि बोल्ट तर पोलादाचेच असतात. राइडवरून आलं की गोड्या पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, चेनला तेल द्यायचं. तुझ्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा ही सवय तुलाही लागेलच.

२०१० च्या आसपास परदेशी बनावटीच्या रोड बाइक मुंबईच्या दुकानांत सहज दिसू लागल्या. मी ॲल्युमिनियमची घेतली, पुढचा फोर्क कार्बनचा. वजन दहा किलोच्या आतबाहेर. ब्रेकच्या लीव्हरमध्येच गिअर! ही सोय शिमानोने १९९० मध्ये आणली होती, माझ्यापर्यंत पोचायला तिला वीस वर्षं लागली. हात हँडलवरून न काढता गिअर बदलता येतो याचा आनंद मी कित्येक आठवडे उपभोगला.

त्या सायकलवर मी ब्रेव्हे करू लागलो. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे नियम जगभर सारखेच: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. अंधारात निघायचं, घोडबंदरला फाउंटन हॉटेलपाशी चहा प्यायचा, अहमदाबाद महामार्गाने मनोर ओलांडून चारोटी नाक्याकडे जायचं आणि परतायचं. यात कुणी पहिला नसतो, दुसरा नसतो. वेळेत पोचलास की झालं. हौशी माणसाला घरदार, नोकरी सांभाळून कुठवर जाता येतं हेही त्याच काळात डोळ्यांसमोर घडत होतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार केली. यांतला एकही पगारी सायकलपटू नव्हता.

आता तुझ्या प्रश्नाच्या जवळ येतो. सपाट रस्त्यावर वेग वाढला की आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. आणि ती सरळ वाढत नाही, वेगाच्या घनाने वाढते. ताशी तीस किलोमीटरवरून चाळीसच्या वेगाला जायचं तर हवेसाठी लागणारी ताकद सव्वादोन पटींहून जास्त होते. त्यातही हवा अडवतं ते मुख्यतः आपलं शरीर. सायकलचा वाटा लहान. २३ जुलै १९८९ हा दिवस यासाठी लक्षात ठेव. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल. ग्रेग लेमाँड हा लोराँ फिन्याँच्या ५० सेकंदांनी मागे होता. त्याने ट्रायथलॉनवाल्यांचे पुढे आलेले एरोबार लावले, कोपरं जवळ घेतली, पाठ सपाट केली आणि फिन्याँला मागे टाकून सगळी टूर आठ सेकंदांनी जिंकली.

मीही आधी तेच केलं. रोड बाइकला क्लिप-ऑन एरोबार बसवले. काही हजार रुपयांत जो फरक पडला तो पुढे लाखाच्या सायकलनेही त्या प्रमाणात पाडला नाही.

टीटी बाइक आपल्याकडे आली ती मुख्यतः ट्रायथलॉनच्या वाटेने. २०१५ मध्ये मिलिंद सोमणने झुरिकची आयर्नमॅन पुरी केली आणि मराठी घरांत हा शब्द माहीत झाला. २०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली, त्यात ९० किलोमीटर सायकल, तीही कुणाच्या आडोशाने चालवायची नाही. अशा शर्यती सुरू झाल्या की जुन्या टीटी बाइक हातोहात फिरू लागतात. माझी तशीच आली, एका ट्रायथलॉनवाल्याकडून. कार्बनची, काळी, उंच रिमची.

ती सुंदर आहे. रोड बाइकच्या सीटच्या नळीचा कोन त्र्याहत्तर अंशांच्या आसपास असतो, हिचा अठ्ठ्याहत्तरच्या. त्यामुळे आपण पेडलच्या बरोबर वर येतो, पुढे वाकूनही मांडी पोटावर आदळत नाही, आणि तासभर त्याच स्थितीत पाय फिरवता येतात. पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर तिला सोडलं की ती कशासाठी जन्मली ते कळतं. पण तिथवर मी तिला गाडीत घालून नेतो. कारण हिचे गिअर एरोबारच्या टोकाला आणि ब्रेक बाजूच्या हँडलवर. कोपरं टेकवलेली असताना ब्रेक हाताशी नसतो. लिंकिंग रोडवर रिक्षा कधी डावीकडे वळेल, उभ्या गाडीचं दार कधी उघडेल याचा नेम नाही. तिथे हात क्षणभरही ब्रेकपासून लांब नको. सरळ, लांब, मोकळा रस्ता म्हणून तू वांद्रे-वरळी सागरी सेतूचं नाव घेशील, पण त्यावर सायकलला बंदी आहे. आणि कार्टर रोडवर दुपारी समुद्राचा वारा आडवा आला की उंच रिमचं पुढचं चाक हातातून हिसकावल्यासारखं वळतं.

म्हणून रोज मी चालवतो ती वेगळीच. आरामशीर बसणीची रोड बाइक, डिस्क ब्रेक, ३२ मिलिमीटरचे टायर. एकेकाळी आम्ही २३ चे टायर दगडासारखे फुगवायचो आणि तेच वेगवान मानायचो. खडबडीत रस्त्यावर रुंद आणि थोडा मऊ टायर कमी ताकद वाया घालवतो हे आता व्यावसायिक संघांनीही मान्य केलंय. तेही २५, मग २८ आणि त्याच्या पुढे गेले. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यांवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ते वरदानच आहे. पावसाळ्यात डिस्कचं महत्त्व विचारू नकोस. रिमवर घासणारे ब्रेक, पाणी आणि वाळू मिळून रिमच खातात.

आता तुझं. तुझ्याकडे जे आहे ते आमच्याकडे नाही: मोजलेला रस्ता, मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडणारे पंच, आणि एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये घालून दिलेली परंपरा. रस्त्यावरच्या शर्यतींना मनाई झाली तेव्हा त्या माणसाने एकेकट्याने घड्याळाशी लढायची ही वाट काढली. पहाटे, काळे कपडे घालून, मार्गाचं नाव न घेता सांकेतिक अक्षरं वापरून लोक शर्यती करत राहिले. तुमच्या भागातल्या ‘व्ही ७१८’ सारखी नावं त्याच काळाची आठवण. अशा रस्त्यावर दर आठवड्याला उतरणाऱ्याने टीटी बाइक घ्यावी. मी तुझ्या जागी असतो तर घेतली असती.

फक्त क्रम सांभाळ. आधी तुझ्या रोड बाइकला क्लिप-ऑन लाव आणि हा हंगाम त्यावर काढ. जाणकाराकडून बसणी बेतून घे. वेग तिथेच सर्वांत स्वस्त मिळतो. मग अंगाबरोबर बसणारा स्किनसूट, चांगले टायर, आणि मग जुनी टीटी बाइक. सांगाडा तुझ्या मापाचा हवा, मोठा किंवा लहान स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नकोस. कार्बनवर नखाने टकटक करून बघ, आवाज कुठे बद्द येत असेल तर सोडून दे. पुढचं चाक फार उंच रिमचं नको, तुमच्याकडे वारा असतोच. आणि रोड बाइक विकू नकोस. टीटी बाइकवर घाट सुखाने उतरता येत नाही, गप्पा मारत जाता येत नाही, आणि दोस्तांच्या मागोमाग चालवायची ती सायकलच नव्हे.

इथेही दिवस बदलताहेत. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात यूसीआय या जागतिक सायकल संघटनेच्या दर्जाची पुणे ग्रँड टूर झाली, तिची सुरुवात एकेकट्याने धावायच्या प्रोलोगने. मुंबईच्या पोरांना महिन्यातून एक सकाळ तरी एखादा रस्ता असा बंद करून मिळावा, मोजून, घड्याळ लावून. त्यासाठी मी इथल्या मंडळींच्या मागे लागणार आहे. तुमच्या क्लबाची नियमावली तेवढी पाठव.

डिसेंबरात येशील तेव्हा तुझे शूज आणि पेडल आण, सायकल माझी देतो. पहाटे साडेचारला निघू, जुन्या रस्त्याने खोपोली, आणि मग बोरघाट.

तुझा,
दांड्याचा दोस्त