चुकलेल्या पावलांचं दफ्तर

माझ्या टाचांवर, गुडघ्यांवर आणि कण्यावर एका बाईंचं कर्ज आहे. त्यांचं नाव छापलेलं त्यांना चालणार नाही. आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणतो. पुण्यात पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर त्यांनी मला भरतनाट्यम शिकवलं. शाळेतून थेट यायचं, ओढणी कमरेला करकचून बांधायची आणि अर्धमंडळात बसायचं. कितीतरी महिने ‘तै या तै’पलीकडे काही नाही. ताल देणारी तट्टकळी ठोकळ्यावर पडत असायची आणि ताई मान वर न करता म्हणायच्या, “खिडकीपाशी कोण आहे गं? टाच मागे राहतेय.” त्यांना ते ऐकू यायचं. वडिलांची नोकरी गेली त्या वर्षी त्यांनी फीचा विषयच काढला नाही. नंतर द्यायला गेले, तर म्हणाल्या, “कसली फी?”

आता त्या लवळ्याला राहतात. गुडघ्यांमुळे लिफ्टचं घर हवं होतं आणि शहरात ते परवडेना. सूस, नांदे मागे टाकलं की उरलीसुरली भातखाचरं लागतात, त्यांच्यामधूनच उभ्या राहिलेल्या इमारती, आणि टेकडीकडे सिम्बायोसिस नि फ्लेम ही विद्यापीठं. तिथल्या काही मुली शनिवारी ताईंकडे शिकायला येतात. ताईंचं नृत्य चित्रित करून ठेवायचं, ही कल्पना त्या मुलींची. मी लगेच हो म्हटलं. देणं फेडायची संधी कोण सोडेल?

ताई वाढल्या त्या परंपरेत कागद आणि शरीर यांची ताटातूट फार जुनी आहे. तंजावरला १६७६ ते १८५५ मराठ्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२) तिथे नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचली गेली: एकच कथा धरून जयजय, शरणु, अलारु, शोल्लु, शब्द, वर्ण, पद असं करत मंगलापर्यंत जायचं. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या मार्गमची, म्हणजे कार्यक्रमातल्या रचनांच्या क्रमाची, घडी बसवली. पुढे राज्य गेलं. मराठी शब्द सरस्वती महाल ग्रंथालयात राहिले, आणि नाच राहिला नट्टुवनारांच्या, म्हणजे नृत्यगुरूंच्या, घराण्यांत, देवदासींच्या अंगात.

मुंबईत चंद्रशेखर पिळ्ळैंकडे शिकलेल्या आचार्य पार्वतीकुमारांनी ते शब्द पुन्हा नाचवले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुढे त्या चार भावांच्याच वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळैंकडे शिकल्या आणि हे धन त्यांनी पुण्यात रुजवलं. कागदावर राग मिळाला, ताल मिळाला, साहित्य मिळालं. कोपर किती उचलायचं, नजर केव्हा वळवायची, ते मात्र कुणाच्या तरी अंगातूनच आणावं लागलं. पार्वतीकुमारांच्या अंगात तालीम नसती, तर ती निरूपणं नुसती वाचायची कवनं होऊन राहिली असती.

आम्ही सुरुवात केली ती ताईंच्या एका पदापासून. खुर्चीत बसून त्यांनी इतका सुंदर अभिनय केला की कॅमेरा धरलेल्या मुलीचे डोळे भरून आले. ताईंनी चित्रण पाहिलं. “छान आलंय. पण यावरून कोण काय शिकणार?”

मला सत्यजित राय यांचा ‘बाला’ आठवला, १९७६ सालचा. नर्तकी बालासरस्वती समुद्रकाठी अभिनय करताहेत आणि वारा पदराशी झोंबतोय. मी तो माहितीपट कितीही वेळा बघेन. पण त्याच बालासरस्वती एखाद्या नवख्या मुलीला तासभर दुरुस्त करताना कुणी चित्रित केल्या असत्या, तर त्या तासाच्या बदल्यात मी हा समुद्र देऊन टाकला असता.

मग ताईंनी कॅमेरा मुलींकडे वळवायला लावला. “यांच्या चुका घे. मी काय बोलते ते घे.” एकीचा खांदा नाट्टडवूची पावलं करताना वर जायचा. ताई ‘खांदा खाली’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “मानेला जागा दे,” आणि खांदा आपोआप उतरला. दुसरीला पदात नायकाची वाट बघायची होती. ती सारखी दाराकडे बघत होती. “तो यायचा नाही हे तुला कळलंय. आता बघ,” एवढंच ताई म्हणाल्या. हे वाक्य कोणत्या पोथीत असणार?

अर्थात कॅमेऱ्याला सगळं येत नाही. मुलीच्या कमरेवर ताई दोन बोटं टेकवतात. बोटं दिसतात, त्यांचा दाब दिसत नाही. म्हणून मी त्या क्षणीच मुलीला विचारते, काय झालं? आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत चित्रणासोबत लिहून ठेवते. एकीने सांगितलं, ‘पोट मागे गेलं आणि पाय हलके झाले.’ नृत्याच्या संग्रहात मंचावरच्या कार्यक्रमांचे ढीग असतात आणि तालमीच्या खोलीतलं जवळजवळ काहीच नसतं, हे मला आता अन्यायाचं वाटतं.

नोंदीत ‘गुरू’ असा रकाना आहे. तिथे ताईंचं नाव घातलं, तर त्यांनी त्याच्या वर आणखी एक ओळ वाढवायला लावली. त्यांच्या गुरूंना पदं ज्या देवदासी स्त्रियांकडून मिळाली, त्यांच्यासाठी. देवदासी प्रथेवर बंदी घालणारा मद्रासचा कायदा १९४७ला आला; या स्त्रियांचा नाच मात्र सभागृहांत मानाने नांदला. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावं त्याच्याबरोबर आत आली. ताईंनाही एकही नाव ठाऊक नाही. “म्हणून ओळ नको, असं कुठंय?” त्या म्हणाल्या.

सध्या आम्ही अडवूंपाशीच, म्हणजे नाचाच्या मूळ पावलांपाशीच, आहोत. मला पदांची घाई आहे, ताईंना नाही. पदं कोण ना कोण जपेल, असं त्यांचं म्हणणं. अडवू शिकवताना काय बोलायचं, ते आधी जाईल.